माझ्या जिवंतपणी वाटलेली खेळणी

"हॉजकिन लिम्फोमा," डॉक्टर म्हणाले. "लसिका ग्रंथींचा कॅन्सर. बरा होतो, पण औषधं जोरदार द्यावी लागतील."

शेजारी बसलेल्या वहिनीने फक्त 'कॅन्सर' एवढंच ऐकलं.

मानेवर गाठ, संध्याकाळी ताप, उतरत चाललेलं वजन. राहुरीत आधी टीबी समजून गोळ्या दिल्या. गाठ वाढतच गेली, तेव्हा नगरला बायॉप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला.

मी शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते. त्या खोलीत माझं काचेचं कपाट होतं. लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची, किड्यांचे पंख लावून गाव वाचवणाऱ्या वीरांची. त्यातली अंगठ्याएवढी प्लास्टिकची पात्रं मी तेव्हापासून जमवत आले. वीर काय, कुणाकडेही सापडतील. माझ्याकडे खलनायकाचा आचारीसुद्धा होता, हातात पळी घेतलेला. त्याच्यासाठी नगरच्या जुन्या खेळण्यांच्या दुकानात कित्येक वर्षं चकरा मारल्या. लोक हसायचे. हसू देत.

केमोथेरपी म्हणजे शिरेतून देतात ते औषध. कॅन्सरच्या पेशींबरोबर ते चांगल्या पेशीही मारतं. माझ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या, इतक्या घसरल्या की साध्या तापाचं निमित्त होऊन मला आयसीयूत हलवलं. डॉक्टर दादाला म्हणाले, "परिस्थिती नाजूक आहे. पण शरीर औषधाला साथ देतंय." पुन्हा घरच्यांनी अर्धंच ऐकलं.

मी वाचले. घरी आले, तर काचेच्या कपाटात वहिनीच्या साड्या.

"माझी खेळणी?"

"संडेस्कूलच्या मुलांना दिली," वहिनी म्हणाली. चर्चमध्ये ती दर रविवारी मुलांना शिकवते. "धूळ बसते ना त्यांच्यावर. डॉक्टरच म्हणाले होते, धूळ नको."

मी दादाकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "रूथ, आम्हाला वाटलं..."

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ओल्या फडक्याने पुसा म्हटलं होतं. टाकून द्या कधी म्हटलं?"

डोक्यावर केस उगवू लागले, तेव्हा चर्चला गेले. प्रार्थना संपल्यावर एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या मुठीत माझ्या कपाटातला हिरवा टोळ होता, मालिकेतल्या वीरांपैकी एक.

"मावशी, तुमी मेल्या न्हाई व्हय?"

"नाही गं. का?"

"संडेस्कूलच्या बाई म्हनल्या, ही रूथ मावशीची आठवन हाय. जपून ठेवा."

मी आयसीयूत श्वास घेत होते आणि इकडे माझी आठवण वाटली जात होती.

"परत देऊ?" तिने विचारलं. मोठ्या मनाने नको म्हणता आलं असतं. मी हात पुढे केला. ती रडवेली झाली, तरी मी तो घेतला.

परवाचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांचे आणि माझं अंग पुसणाऱ्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. घरच्यांचे आभार मात्र अजून तोंडातून निघत नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टरांचं बोलणं घरच्यांना शेवटपर्यंत ऐकायला लावा.

हल्ली शाळा सुटली की मी एकेका घरी जाते. काही जण मुकाट्याने खेळणं आणून देतात. परवा एक आई दारातच म्हणाली, "लेकराच्या हातातलं काय मागता, बाई? तुमीच दिलेलं ना?"

"मी दिलं नव्हतं," मी म्हटलं. "मी अजून आहे." आणि ती आत जाऊन खेळणं घेऊन येईपर्यंत तिथेच उभी राहिले.