छातीच्या मॅडम

"श्वास घ्या. बोलणं काय, नंतरही फुकटच आहे," असं म्हणत मॅडम पेशंटच्या पाठीला स्टेथोस्कोप लावायच्या. कोपरगावात त्यांच्या दवाखान्याखाली माझं मेडिकल. साखरेसारखं बोलणारे डॉक्टर तुम्ही पाहिले असतील. आमच्या भागात साखरेला तोटा नाही, पण या त्यातल्या नव्हत्या.

माझ्याकडच्या 'इम्युनिटी'च्या बाटल्या बघून एकदा म्हणाल्या, "छान. रंग तरी बघण्यासारखा आहे." मी त्या लगेच मागच्या फळीवर ठेवल्या. विकल्या मात्र.

मग माझ्या मामांना न्युमोनिया झाला. मॅडमनी त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं, आणि पाठोपाठ लघवी कमी होत गेली. मामेभाऊ तोवर मोबाईल वाचून तज्ज्ञ झाला होता.

"मॅडम, दुखनं छातीत हाय, मंग किडनी कशी बसली? औषध चुकलं का?"

आता काहीतरी जहरी ऐकायला मिळणार म्हणून मी भिंतीकडे बघितलं. पण मॅडम स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"जंतू शिरला की शरीर रक्तात काही प्रथिनं सोडतं. ती सगळीकडे हाळी देतात, सूज आणतात. फुफ्फुस म्हणजे नुसता भाता नाही, बाबा. धड असलं तर ते यातली काही प्रथिनं रक्तातून शोषून घेतं, मोडून टाकतं. तुझ्या वडिलांचं आता ते काम करत नाही, उलट स्वतःच आणखी सोडतंय. ती हाळी किडनीपर्यंत पोचली."

"मंग आता?"

"मशीनची हवा बेताची ठेवायची, फुफ्फुसाला जपायचं, आणि वाट बघायची. वाट कशी बघायची ते मोबाईलवर आहे का?"

स्वतः मात्र त्या घरी गेल्या नाहीत. डबाही मामांच्या खाटेशेजारी उघडायच्या. एका सकाळी त्यांनी मामेभावाला आत बोलावलं आणि लघवीची भरत आलेली पिशवी दाखवली.

"घ्या दर्शन."

त्या गड्याने पिशवीला खरोखरच हात जोडले. मॅडमनी तोंड फिरवलं आणि काही कारण नसताना नर्सला झापलं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. आता वर केस उगवून देणारा दवाखाना आहे. तिथे रांग लागते.

परवा मामा सवयीने तपासणीला आले. पाटी बघून माझ्या दुकानात टेकले. वर कोण बसतं, हे मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून टकलावरून हात फिरवला.

"बरं हाय," म्हणाले. "आन् छातीचं कोन बघतं?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. तो येईपर्यंत मामा जिन्याकडेच बघत होते.