राइज आणि रेज

पार्से गावच्या सगुण मास्तराला इंग्रजी फळ्यावर लिहून समजावण्याचा कंटाळा. राइज शिकवायचा तर तो कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, ताडकन उठायचा. "हें राइज. आपलो आपण उठलंय. कोणाचो हात नाय." मग समोरच्या एखाद्या पोराला काखेत धरून उभा करायचा. "आनी हें रेज. हेका मी उठयलंय." पोरं हसायची, पण विसरायची नाहीत. रिटायर झाल्यावर शिकवणी घरच्या ओसरीवर आली, तेव्हा आत खोबरं किसता किसता त्याची बायको चंद्रावतीही हा धडा शिकली. तिची इंग्रजी तेवढीच.

राजभाषा मराठी की कोकणी म्हणून गावात भांडणं पेटली, तेव्हा दुकानदार जयराम म्हणाला, "मास्तर, तुजां बरां. आमी भांडून मरतंव, तू सायबाची भास विकीत बस." पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. जयरामने पुन्हा टोचलं, "आमचां गोंय राइज जालां काय रेज?"

"तां दिल्लीक विचार," मास्तर म्हणाला.

त्याच वर्षी गणेशचवथीनंतर मास्तराच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जडावली. चंद्रावती त्याच्या कमरेला पंचा बांधी, त्याच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवी आणि हिसका देऊन त्याला उठवी. दात ओठ खाऊन तोही डाव्या पायावर जोर लावी. ती उठवताना तो तिच्याकडे मात्र बघत नसे.

पोरं पेडण्याला दुसऱ्या मास्तराकडे जाऊ लागली. उरलेल्यांतल्या संजनाचा बाप एकदा दारात येऊन चुळबुळत उभा राहिला. "मास्तर, राग मानू नका. चेडवाची परीक्षा आसा. तुमच्यान आता जमात मां?"

"सोमाराक धाड," मास्तर म्हणाला. "उबो रावन शिकयतंय."

तो गेल्यावर चंद्रावती म्हणाली, "मी पाठसून धरतंय."

"तू रांदपाकडे राव गो. पडलंय तरी हात लाव नको. माजी शपथ आसा तुका."

सोमवारी पोरं चटईवर बसली. "राइज," मास्तर म्हणाला आणि डाव्या हाताने मेज दाबलं. अंग वीतभर उचललं, गुडघा लटपटला, तो परत बसला. एक पोर हसलं. त्याला वाटलं, हाही धड्यातलाच भाग. दुसऱ्या खेपेला मेज सरकलं आणि मास्तर आडवा झाला. धोतर ओलं झालं.

संजना धावली. "बस," मास्तर गुरगुरला. ती बसली.

चंद्रावती उंबऱ्यावर उभी होती, हाताला पीठ. शपथ घातली नसती तर ती एव्हाना पोचली असती. मास्तराने तिच्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले.

"पोरांनो, घराक जावा," ती म्हणाली.

ओसरी रिकामी झाली. "अवो, लावू हात?"

मास्तराने डोळे उघडले नाहीत. चुलीवर डाळ करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. मग शपथ गेली खड्ड्यात म्हणून खाली वाकली.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला कोणी आलं नाही. सकाळी ती पंचा घेऊन खाटेपाशी गेली, तर मास्तराने न सांगता डावा हात वर केला, लहान भुरग्याने कडेवर घ्यायला करावा तसा. तिने गाठ मारली, गुडघा टेकवला, हिसका दिला. पहिल्या खेपेला तो उठलाच नाही; डाव्या पायावर त्याने जोरच लावला नव्हता. एवढा जड तो आजवर कधी लागला नव्हता.