कुर्डूला बांधलेला नाडा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? — बहुतेक तुम्ही माझ्या नणंदेला ओळखत नाही म्हणून.

तुकोगंजच्या आमच्या घरापुढे सासूबाई कुर्डू लावायच्या. तेच ते, शेताच्या बांधावर उगवणारं, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचं. पाऊस गेला तरी थेंबभर पाणी न मागता दिवाळीपर्यंत उभं राहणारं. बी त्यांच्या माहेरचं. एका वर्षाचं झाड — बी धरलं नाही तर संपलं. म्हणून चार तुऱ्यांना त्या पूजेतला लाल नाडा बांधायच्या. नाडा बांधलेल्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. मलाही.

त्या वर्षी त्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं. खाटेवरून त्यांनी सांगितलं आणि नाडे मीच बांधले. मग दिवाळीची साफसफाई आली. मुलीला बघायला पुण्याची मंडळी येणार होती. दारातलं ते रान मला नकोसं झालं. सकाळी सगळं उपटलं. नजरचुकीनं? छे. झाडं ओल्या कचऱ्यात टाकली आणि नाडे सोडवून सुक्या कचऱ्यात — इतकं भान होतं मला. गाडी आली, घेऊन गेली.

"आई, पाणी द्यायचं राहिलं. वाळलं सगळं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कुर्डू? पाण्यावाचून?" मग म्हणाल्या, "बरं."

पुन्हा विषय नाही. फाल्गुनात त्या गेल्या.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बोलले असते. पण — पुढच्या दिवाळीत नणंद देवासहून आली. "वहिनी, आईच्या कुर्डूचं बी दे ना. इतना सा, बस."

तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी बायपासजवळच्या रिकाम्या प्लॉटवर गेले, रानातलं कुर्डू तोडून आणलं. आणि — हेच मला लिहायला जड जातंय — चार तुऱ्यांना लाल नाडा बांधून तिच्या हातात दिलं. तिनं ते कपाळाला लावलं. रडली. मी चहा टाकायला उठले.

आता तिची गच्ची त्यानं भरलीय. सुनांना, भाच्यांना ती पुड्या वाटते. वर लिहिते, 'आजीचं कुर्डू'.

काल तिचा फोटो आला. गच्चीभर तुरे, चारांना नाडा. खाली लिहिलेलं — 'वहिनी, आई आली बघ.'

मी उत्तर दिलं, 'हो गं. अगदी तेच.'