हाकेच्या आधीची हाक

आवाजाला ऊन दाखवू नये, ओल लागू देऊ नये आणि फार दिवस एकटं ठेवू नये, असं मानणारा माणूस अख्ख्या नल्लकुंट्यात एकच होता, आमचे वरचे काका. मी खाली साड्यांना फॉल-पिको करते; ते वर एकटे राहत. थंडीत स्वतः कुडकुडत, पण शाल त्यांच्या जुन्या, टेपच्या मोठ्या चाकांच्या टेपरेकॉर्डरला. मी चहा घेऊन निघाले की जिन्यातच आवाज यायचा, "चुंबक खाली ठेवून या हो!" सांडलेल्या सुया वेचायचं माझं चुंबक एकदा कमरेलाच राहिलं, तर चहा कठड्यावर ठेवायला लावून मला आल्या पावली परत पाठवलं. चुंबकाने टेपवरचं पुसून जातं म्हणे. आणि त्या टेपवर काकू होत्या.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. कधीतरी रेकॉर्डिंग चालू असताना त्या स्वयंपाकघरातून बोलल्या होत्या, "अहो, ऐकलंत का, चहा गार होतोय." तेवढंच. पण ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. कारण काकू बोलायच्या जरा आधी, फार लांबून, काकूच अगदी बारीक आवाजात तेच बोलायच्या. मग खरी हाक यायची.

काका समजावत, "घाबरायचं काय त्यात? ओल्या साडीचा रंग वरच्या घडीला लागतो ना, तसा गुंडाळलेल्या टेपचा आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो, आणि तो वेढा आधी वाजतो." समजलं, तरी काटा जाईना. काका तर त्या बारीक हाकेलाच "आलो गं" म्हणायचे.

टेप मात्र झिजत चालली होती. लावली की तांबूस भुकटी झडायची. ती कापसाने टिपून काका काकूंच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवत. "फेकू कशी? यात तिचं बोलणं आहे."

शेवटी तारनाक्याची पुतणी लॅपटॉप घेऊन आली. "टेन्शन नक्को घेऊ काका. कॉम्प्युटर सेकंदात हजारो वेळा आवाज मोजून लिहून ठेवतो. आकडे झिजत नाहीत."

"आणि दोन मोजण्यांच्या मधे ती बोलली तर?"

पुतणीने मी शिवलेला उशीचा अभ्रा पुढे केला. "ही अक्कांची टीप बघ. टाके एवढे जवळ, की रेघ सलग दिसते. काही सुटत नाही रे."

टेप शेवटची फिरली, आवाज लॅपटॉपमध्ये उतरला आणि सोडवताना ती पटकन तुटली. काकांनी दोन्ही टोकं हातात धरली. पुतणीने घाईने लॅपटॉप लावला. एकदम शांतता, आणि कानाशीच, "अहो, ऐकलंत का!" काका दचकले, मांडीशी ठेवलेला चहा सांडला.

"आजवर ती अशी न सांगता कधी बोलली नाही," ते हळूच म्हणाले.

पुतणीचा चेहरा उतरला. "खरखर काढली मी. त्यात ती बारीक हाकही गेली असेल."

"मग आता?"

"थांब, खरखरीची कॉपी पण ठेवली असेल." ती शोधत होती तोवर मी सांडलेला चहा पुसला. मग खरखर सुरू झाली, आणि लांबून, अगदी बारीक, काकू आल्या.

"आलो गं," काका म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात काकाही गेले. वर कुलूप आहे. काकू पुतणीकडे आहेत, खरखरीसकट. काकांचा आवाज मात्र कोणीच धरून ठेवला नाही. तरी दुपारी शिलाईचं मशीन थांबवलं की कधीकधी जिन्यातून, फार लांबून, ऐकू येतं, चुंबक खाली ठेवून या हो. मी कमरेचं चुंबक काढून ठेवते, आणि खऱ्या हाकेची वाट बघत बसते.