दोन्हीकडे चालणारी लेन्स

जुन्नरच्या पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा लग्नाचे फोटो काढायचा आणि मी त्याच्या मागे फ्लॅश घेऊन फिरायची. हळदीला बायकांत त्याला कुणी उभं करत नसे, म्हणून तिथले फोटो माझे. तरी गावाच्या लेखी फोटोग्राफर तो, आणि मी नुसती वहिनी. ही नव्वदीच्या मध्यातली गोष्ट.

लगीनसराई संपली की धंदा बसायचा आणि नवऱ्याच्या अंगात काहीतरी नवीन खूळ शिरायचं. त्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवर त्याने कॅलेंडर पाहिलं. त्यावर स्वर्गीय नर्तक नावाचा पक्षी होता, शेपटीला लांब पांढरी फीत असलेला. झालं! असा फोटो आपल्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीला पाहिजे म्हणजे पाहिजे. पावसाळ्यात घाटघरच्या रानात हे पाखरू घरटं करतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

आम्ही पुण्याला लेन्स आणायला गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन ठेवल्या. एक लांबलचक आणि भरल्या कळशीसारखी जड. "पक्ष्यांसाठी हीच घ्या," तो म्हणाला, "लांबून काढता येतं, त्यांना पत्ताही लागत नाही." दुसरी आखूड झूम, हाताळायला सोपी, पण तिला जवळ जावं लागणार.

"अहो, लांबचीच घ्या," मी म्हटलं. "पाखरू काय नवरी हाय का, जवळ बसवायला?"

"आन् लग्नात ही काय डोक्यावर घ्यू? ही बारकी दोन्हीकडं चालंल." मग दुकानदाराकडे वळून तो हसला. "बाईमाणसाला वजनातलं काय कळतंय!"

त्याची बॅग तेव्हाही माझ्याच खांद्यावर होती. दुकानदारही हसला. परतीच्या बसमध्ये नारायणगावपर्यंत मी ती बॅग त्याच्याच मांडीवर ठेवली.

लेन्सचं मग काय कौतुक सांगू! पावसासाठी दुधाच्या पिशव्या जोडून मी मशीनवर कॅमेऱ्याला झबलं शिवलं. काच पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेतला. चुलीच्या उबेतून एकदम धुक्यात नेली की काचेवर वाफ धरते, म्हणून घाटघरला मुक्कामी लेन्सला घरात घ्यायचं नाही, ओटीवरच ठेवायचं, असं त्याने ठरवलं. वर चोरी नको म्हणून मी तिच्या शेजारी झोपायचं, हेही त्यानेच ठरवलं.

ज्याच्या घरी उतरलो, त्याच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. त्याने मोठ्या उत्साहाने ओढ्याकाठचं घरटं दाखवलं. जांभळाच्या खालच्या बेचक्यात वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं. खालून नुसत्या तीन चोची दिसत होत्या. नर फीत उडवत येई, मादी बसून पिल्लांना ऊब देई. घरट्यावर पानांचं दाट छत होतं आणि खाली अंधार. आमच्या आखूड लेन्सने जे दिसलं ते म्हणजे हिरवा चिखल.

"कापू का राव?" यजमानाने कमरेचा कोयता काढला. त्या भागात भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला दरसाल झाडाच्या फांद्या तोडतात, त्याला राब म्हणतात. "राबाला आमी झाडंच्या झाडं सोलतो, ह्या दोन डहाळ्यांचं काय!"

नवऱ्याला हेच हवं होतं. लग्नात त्याचा हात असाच चालायचा. मामाला बाजूला कर, नवरीचा पदर सरकव, हार नीट दिसला नाही तर काढून परत घालायला लाव. मंगलाष्टका थांबवणारा माणूस तो, पाखराची काय पत्रास.

"दोरीनं मागं बांधा," मी म्हटलं. "काम झाल्यावर सोडता येतील."

"बांधल्यालं हलतं. हलल्याव फोटू न्हाई येत."

फांद्या खाली पडल्या आणि घरटं स्टेजवर आल्यासारखं उघडं झालं. दुपारभर त्याने मनासारखे फोटो घेतले. सर आली की तो ओरडायचा, "छत्री!" आणि मी कॅमेऱ्यावर छत्री धरायची. लेन्सवर छत्री आणि पिल्लांवर पाऊस. मला तेव्हा त्याला ओढ्यात ढकलावंसं वाटत होतं, हे खरं सांगते.

रात्री पाऊस कोसळला. मी ओटीवर जागी होते. शेजारी ती लेन्स झबल्यात कोरडी ठणठणीत होती.

सकाळी उघडीप मिळाली तसे आम्ही पुन्हा जागेवर. मादी चोचीत चतुर घेऊन आली, घरट्यावर वाकली, थांबली आणि तशीच उडून गेली. पुन्हा आली, पुन्हा वाकली. नवरा फोटोवर फोटो काढत होता आणि वैतागत होता. "तोंडं का उघडंनात ही?" बारशाला बाळाने वर बघावं म्हणून तो चुटक्या वाजवायचा, तशा त्याने वाजवायला सुरुवात केली. जिभेने टक टक केलं. "ए, हिकडं! हिकडं!"

मी जवळ गेले, टाचा उंचावून वाटीत पाहिलं. तिघंही एकमेकांना चिकटलेली, माना टाकलेली. मुंग्या डोळ्यांपर्यंत पोचल्या होत्या.

"मेलीत," मी म्हटलं. "रातच्या पावसात मेलीत. आन् तुमी त्यांच्याफुडं चुटक्या वाजवताय."

त्याने लेन्स पुसली. "मंग आधी न्हाई का बघायचं? अख्खा रोल फुकट गेला."

मला त्याची किळस आली. यजमान बिचारा ओशाळला. पाहुण्याचं काम अडलं याचंच त्याला वाईट वाटत होतं. "वरल्या अंगाला आनखी एक घरटं हाय, राव," तो म्हणाला.

नवऱ्याचा चेहरा लगेच उजळला. त्याने नवा रोल भरला. "चल, पाऊस उघडलाय तवर उरकू."

मी मागे पाहिलं. मादी तोडलेल्या फांदीच्या बुडख्यावर बसली होती. चोचीतला चतुर तिने अजून गिळला नव्हता.