पाण्याच्या दिवशी तपासणी

नगरसेवकाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक सत्काराच्या शाली आणि दुसरे किस्से. शाली मी येईल त्याला वाटून टाकल्या. किस्से मात्र कोणी घरी नेत नाही, इथंच बसून ऐकतात आणि वर चहा पितात!

मी एकच टर्म नगरसेविका होते. मला रस्ते हवे होते, मिळाली आरोग्य आणि समाजसेवेची समिती. महापालिकेचे दवाखाने नीट चालतात का, औषधं आहेत का, डॉक्टर वेळेवर येतात का, हे जाऊन बघायचं. यात ना टेंडर ना उद्घाटन, म्हणून कोणी भांडलंही नाही. मी राजीनामाच देणार होते. तेवढ्यात कळलं की आमच्या वॉर्डातलं प्रसूतिगृह बंद करून तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स काढायचं घाटतंय, आणि शिफारस आमचीच समिती करणार आहे. माझी दोन्ही मुलं तिथं झालेली. गल्लीतल्या निम्म्या पोरांचा जन्म तिथलाच. माझं डोकंच फिरलं. राजीनामा फाडला आणि समितीत ठाण मांडून बसले.

सभापती होते अण्णा. दौलताबादच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव शहराच्या हद्दीत आलं आणि गावाबरोबर अण्णाही आले. जमीनजुमला मोठा, कपडे कडक इस्त्रीचे पांढरे, आवाज शेतात हाक मारायचा. तिसरे हमीदभाई, शहागंजात चपलांचं दुकान. ते बोलायचे कमी, पण बोलले की अण्णांना ठसका लागायचा.

*

पहिली तपासणी. दवाखान्यात पोचलो तर दारात रांगोळी, आत खुर्च्या, माईक! आधी अण्णांना शाल-नारळ, मग मला, मग हमीदभाईंना. मग डॉक्टरांचं प्रास्ताविक, कंपाउंडरचं आभारप्रदर्शन, मग पोहे. बाहेर पेशंट ताटकळलेले. त्यातल्या एका आजोबांनी खोकत खोकत टाळ्याही वाजवल्या. तोवर दवाखाना बंद व्हायची वेळ झाली!

परत येताना गाडीत हमीदभाई मांडीवरचा नारळ फिरवत म्हणाले, "ताई, नारियल तो अच्छा है. दवाखाना कैसा था?"

अण्णा वरमले. पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव केला, की तपासणीच्या वेळी समितीने कोणताही सत्कार स्वीकारू नये. मी बाक वाजवून पाठिंबा दिला.

दुसऱ्या दवाखान्यात गेलो. रांगोळी नाही, माईक नाही. मी म्हटलं, चला, सुधारले! आत पाऊल टाकलं तर भिंतभर बॅनर: "सत्काराची अनिष्ट प्रथा बंद केल्याबद्दल समितीचा जाहीर सत्कार!"

अण्णांनी बॅनर दोनदा वाचला. "आता ह्याला नाय कसं म्हनावं, ताई? इचार तर आपलाच हाय!" म्हणाले, आणि शालीसाठी मान पुढं केली.

*

मग मी हट्टच धरला, की कळवून जायचंच नाही. गुप्त भेट! अण्णांना ही कल्पना भयंकर आवडली. आम्हाला शपथ घातली. ड्रायव्हरलासुद्धा गाडी सुरू झाल्यावर रस्ता सांगितला.

दवाखान्यात शिरलो तर सगळा स्टाफ ओळीने उभा. आणि मागच्या फळ्यावर खडूने, सुवाच्य अक्षरात: "आज गुप्त भेट आहे. सर्वांनी वेळेवर हजर राहावे व आश्चर्य दाखवावे."

आणि त्यांनी दाखवलंसुद्धा! "अय्या, साहेब, तुम्ही?" "अरे, कसं काय येणं केलं?" वॉचमनने तर कपाळावर हात मारून घेतला.

अण्णा गरजले, "कुनी फोडलं?"

हमीदभाई शांतपणे म्हणाले, "अण्णा, आपीच तो कल फोन करके बोले ना, मेरेकू शुगर है, चाय फीकी रखो बोलके."

*

डासांवर धूर सोडायचं मशीनही आमच्याच समितीकडे. डास मरतात की नाही देव जाणे, पण धूर दिसला की लोकांना टॅक्स भरल्याचं समाधान मिळतं. एकदा एका लग्नघरातून फोन आला, "ताई, आमच्या गल्लीत मच्छर लई झालेत, आज सांजच्याला मशीन पाठवा की." मला वाटलं, बिचाऱ्यांकडे पाहुणे येणार. पाठवलं.

संध्याकाळी मी भाजी घेऊन येतेय, तर समोरून वरात! पुढं बँड, मागं घोड्यावर नवरदेव आणि मधोमध आमचं मशीन भकाभका धूर सोडतंय! पोरं त्या धुरात बेभान नाचतायत. मशीन चालवणाऱ्या आमच्या माणसाला फेटा बांधलेला!

मी ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

तो धुरातूनच म्हणाला, "ताई, गल्ली सांगितलेलीच हाय. जरा हळू चाललोय एवढंच!"

पुढचे काही दिवस माझ्या घरी लग्नपत्रिकांचा पाऊस. एकीवर खाली हाताने लिहिलं होतं, "आपण कामात असाल तर नाही आलात तरी चालेल. मशीन जरूर पाठवावे."

*

बाहेरगावच्या माणसाला आमच्याकडची एक गोष्ट सांगावीच लागते. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा दिवस'. त्या दिवशी साखरपुडे पुढं जातात आणि रुसून माहेरी गेलेली सून आपण होऊन परत येते. अण्णांना मात्र हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या मळ्यात भरलेल्या विहिरी. जन्मात कधी नळाच्या लाईनीत उभे राहिले नव्हते.

भर उन्हाळ्यात त्यांनी बैठक लावली. विषय: दूषित पाण्यामुळे होणारे आजार. बैठकीला हजर कोण? अण्णा आणि शिपाई!

मला फोन आला, "ताई, कुठं हायत?"

"अण्णा, पाणी आलंय."

हमीदभाईंना फोन. "अण्णा, पानी आया है."

शेवटी भडकून त्यांनी आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. साहेब गच्चीवर, हातात पाइप. म्हणाले, "सर, पाण्याच्याच विषयावर काम चालू आहे!"

अण्णा हताश होऊन शिपायाकडे वळले, तर तोही दारात चपला घालून उभा. "साहेब, आमच्या गल्लीत बी यायची येळ झाली."

*

आणि मग आली प्रसूतिगृहाची तपासणी.

आरोग्य अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. बायका येतच नाहीत, खाटा रिकाम्या, मग चालवायचं कशाला? बायका का येत नाहीत ते मी प्रत्येक बैठकीत बोंबलून सांगत होते. गच्चीवरची टाकी फुटलेली, आत पाण्याचा थेंब नाही, बाळंतपणाला येणाऱ्या बाईने पाणी घरून आणायचं! पण अण्णा म्हणाले, "ताई, मी डोळ्यानं बघतो. खाटा रिकाम्या दिसल्या तर सही करनार. राग मानू नका."

त्या दिवशी सकाळी मला घास गेला नाही.

अधिकाऱ्यांसकट आत शिरलो आणि मी जागीच थबकले. सगळ्या खाटा भरलेल्या! एवढ्या उकाड्यात प्रत्येकीच्या गळ्यापर्यंत चादर. नीट पाहिलं, तर सगळ्या माझ्याच गल्लीतल्या! पहिल्या खाटेवर गोदाबाई, त्यांचा धाकटा कॉलेजात. तिथल्या नर्स, मालन सिस्टर, आमची नजर चुकवून भिंतीकडे बघत उभ्या. मला एका अक्षरानेही न सांगता या बाया येऊन निजल्या होत्या. मला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

अण्णांनी आपुलकीने विचारलं, "कोनता महिना चालू हाय, बाई?"

गोदाबाई म्हणाल्या, "वैशाख लागला की, सायेब!"

हमीदभाईंनी तोंडावर रुमाल धरला. अधिकारी काही बोलणार, तेवढ्यात गल्लीतून हाळी आली, "पाणी आलंऽऽ!"

झालं! चादरी उडाल्या. सगळ्या बाळंतिणी एकदम उठल्या, खाटांखालून घागरी, हंडे, कळशा बाहेर निघाल्या आणि पदर खोचून सगळ्या दारातून पसार! गोदाबाई सगळ्यांच्या पुढं!

अधिकाऱ्यांनी हसत पेन पुढं केलं. "घ्या साहेब. बघितलंत ना?"

अण्णांनी पेन घेतलं.

हमीदभाई म्हणाले, "अण्णा, एक अभी लेटीच है."

शेवटच्या खाटेवर कविता होती, आमच्या शेजारच्यांची सून. अण्णा वैतागले. "जा की बाई तू बी! नाटक संपलं. पानी जाईल नायतर."

कविताने खाटेचा गज घट्ट धरला होता. दात आवळून म्हणाली, "सायेब... माझी घागर तेवढी भरा कुनीतरी!"

मालन सिस्टर धावल्या. तिच्या पोटावर हात ठेवला आणि आमच्यावर कडाडल्या, "बाहेर व्हा सगळे! आणि पाणी आणा, थेंब नाही इथं!" खाटेखालची घागर त्यांनी उचलली आणि समोर जो उभा होता त्याच्या हातात दिली. समोर अण्णा उभे होते.

नळावर ही मोठी लाईन. अण्णा घागर पोटाशी धरून थेट पुढं घुसले. "सरका बाजूला, बाळंतपन हाय!"

गोदाबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आमी बी आत्तापतूर बाळंतीनच व्हतो, सायेब. लाईनीत या!"

अण्णा मुकाट्याने लाईनीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी धावत मागोमाग पोचले आणि ओरडले, "अगं बायांनो, कविताचं खरंच आहे!" त्याबरोबर गोदाबाईंनी आपला भरलेला हंडा उचलला. ज्या ज्या भांड्यात पाणी होतं, ते ते भांडं आत धावलं. अण्णांना मात्र या धांदलीत कोणी काही सांगितलंच नाही. ते आपला नंबर यायची वाट बघत उन्हात उभे.

आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. बऱ्याच वेळाने अण्णा भरलेली घागर खांद्यावर घेऊन आले. इस्त्रीचा पार चोथा झालेला.

पुढच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी विषय वाचला, "बायका येत नसल्यामुळे प्रसूतिगृह बंद करणेबाबत."

अण्णा ताडकन उठले. "येत नाय? कोन म्हनतं येत नाय? मी सोता लाईनीत उभा व्हतो, नंबर लागंना!"