गिरणीचा आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट उमगत नाही. पण आता सुरू केलंय, तर पूर्ण सांगते.

बाहेरून पाहिलं तर माझी गोष्ट चांगली आहे. नववीत शाळा सुटलेली, वऱ्हाडातल्या पिंपळगाव राजा या गावची मुलगी पुण्याला येते, एका छोट्या कंपनीत चहा करायला लागते आणि पुढे त्याच कंपनीत स्वतःच्या टेबलावर बसते. कंपनी ज्यांनी काढली त्या मॅडम पाहुणे आले की मला मुद्दाम बोलावून घेतात. "हिचे कान बघा," म्हणतात. "असे कान इंजिनिअरांकडेही नाहीत." मी हसते. आणि दर वेळी वाटतं — आता कुणीतरी विचारेल, या कानांनी तू काय काय केलंस? अजून कुणी विचारलेलं नाही.

काम काय ते सांगते. विजेच्या तक्रारीसाठी, गॅससाठी तुम्ही फोन लावता आणि पलीकडून माणसाऐवजी मशीन बोलतं ना — 'आपली तक्रार सांगा' — त्या मशीनला मराठी ऐकायला आमची कंपनी शिकवते. त्यासाठी गावोगावच्या माणसांचं बोलणं मोबाईलवर भरून मागवतात. त्याचे छोटे तुकडे आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही क्लिप म्हणतो. कानाला हेडफोन लावायचे, क्लिप ऐकायची, चांगली असली तर मंजूर, नसली तर नामंजूर. नामंजूर केली की समोरच्या कारणांतून एक निवडायचं — गोंगाट आहे, आवाज तुटतोय, बोलणं अर्धवट आहे. मशीन फक्त मंजूर तेवढंच शिकतं. बाकीची माणसं त्याच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत.

हे मंजूर-नामंजूर करायचं काम मॅडमनी माझ्या हातात दिलं. चहाचा ट्रे ठेवता ठेवता मी एकदा सहज म्हणाले होते, "मॅडम, हा माणूस 'पाणी' नाही म्हणाला, 'पानी' म्हणाला." त्यांनी क्लिप परत लावून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला खुर्ची दिली. कोण देतं असं? मी अजून त्यांच्या नावानं दिवा लावते, खरंच लावते. म्हणून तर सांगताना जीभ अडखळते. त्यांनी विश्वास टाकला, आणि मी त्याच विश्वासावर बसून —

नाही, थांबा. आधी हसण्याचं सांगायला हवं.

दुपारी सगळे डबे उघडून बसलो होतो. टीममधल्या एकानं वऱ्हाडकडची एक क्लिप मोठ्यानं लावली. कुणी बाई म्हणत होती, "म्हैस कालपासून चरूनच नाही राह्यली, डॉक्टरले सांगा ना बापा." सगळे हसले. एकानं नक्कल केली, "काऊन बे, काऊन नाही चरून राह्यली?" पुन्हा हशा. वाईट नव्हती ती मुलं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनीच खोलीवर डबे पोचवले होते. मीही हसले. खरं सांगायचं तर सर्वांत मोठ्यानं मीच हसले. मग एकीनं सहज विचारलं, "तूपण तिकडचीच ना गं?"

"हो," मी म्हणाले, "पण आमच्याकडे असं नाही बोलत."

एवढंच. किती छोटं वाक्य! तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? पण पुण्यात आल्यावर पहिलं वर्षभर मी भाजीवाल्याशी बोलायचेसुद्धा नाही, बोटानं दाखवायचे. 'मले'चं 'मला' करायला मी बसस्टॉपवर उभी राहून पुटपुटत असायचे. त्या वाक्यानं ते सगळं एकदाचं झाकलं गेलं असं वाटलं. आणि झाकलेलं पुन्हा उघडं पडू नये, ही भीती तिथूनच लागली.

थोड्याच दिवसांत मॅडम म्हणाल्या, "वंदना, वऱ्हाडातलं बोलणं आपल्याकडे फारच थोडं आहे. तुझ्या गावात कुणी आहे का, लोकांकडून बोलून घेईल असं? पुस्तकी नको हं. घरात बोलतात तसं हवंय."

माझ्या तोंडून नाव निघून गेलं — शबाना.

शबाना माझी शाळेपासूनची. तिचे अब्बा शिलाईकाम करायचे, त्यांच्यानंतर ती करते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिच्याच हातचे. मी पुण्याला निघाले तेव्हा तिनं मला दोन ड्रेस शिवून दिले होते, शहरी गळ्याचे. "तिथं गावंढळ नको दिसू," म्हणाली. पैसे घेतले नाहीत. तिच्या खोलीत बायका नाप द्यायला येतात आणि चहा पिऊन, सासूची गाऱ्हाणी सांगून जातात. बोलणं गोळा करायला याहून चांगली जागा कुठली?

तिला फोन केला तर काम समजून घ्यायच्या आधीच तिनं दुकानाची पाटी ठरवून टाकली. "शबाना शिलाई व आवाज केंद्र! काय व, कसं वाटते? इकडून शिलाईची मशीन, तिकडून आवाजाची मशीन. चार बाया बसवतो, पिंपळगावातून पुण्याले बोलणं धाडतो." मी म्हटलं, आधी पहिल्या क्लिप तर पाठव. मंजूर झालेल्या क्लिपचेच पैसे मिळतात, हेही सांगितलं. तिनं त्या लग्नसराईतले ब्लाऊज परत केले. धंद्यात उतरायचं तर मन लावून, असं तिचं म्हणणं.

क्लिप आल्या. मी हेडफोन लावले.

पहिलीच माझ्या मायची निघाली.

शबानानं मुद्दामच तिला पहिली बसवली असणार, मला गंमत वाटावी म्हणून. माय म्हणत होती, "माही वंदी पुण्याले राह्यते. मशीनले बोलनं शिकवून राह्यली. मशीनले काय समजते बाई, मले तं नाही समजत." आणि हसली. मागे शबानाही हसली. आवाज इतका स्वच्छ, की मायच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

आता इथे मी काय सांगू? मंजूर झालेल्या नव्या क्लिप आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवतात. डबे उघडलेले असतात. माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच आलं — मायचा आवाज स्पीकरवर, आणि कुणीतरी नक्कल करतंय. आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे — आमच्याकडे असं नाही बोलत, म्हणाली होतीस ना?

मी 'नामंजूर' दाबलं. कारण निवडलं — गोंगाट आहे.

मग दुसरी. मग तिसरी. एकदा आईला गोंगाट ठरवलं की बाकीच्यांचं काय अवघड? त्या सगळ्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या. कुणी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, कुणाच्या घरी मी टीव्ही पाहायला जायचे. सगळ्यांना मी गोंगाटात घातलं.

शबानाचा फोन आला. "काय व वंदे, सगळेच फेल? असं काय बोलल्या बाया?"

मी गडबडले. काहीतरी सांगायलाच हवं होतं. तिच्या खोलीच्या पलीकडेच सुखदेवकाकांची पिठाची गिरणी आहे, ती आठवली. म्हणाले, "बोलण्याचं काही नाही गं. मागं गिरणीचा आवाज येतो."

"गिरणीचा?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "हाव, येत असन. आमाले सवय झाली ना, आमाले नाही समजत."

तिनं विश्वास ठेवला. माझ्या कानांवर ठेवला, मॅडमनी ठेवला होता तसाच.

पुढच्या वेळी तिनं खोलीच्या चारही भिंतींवर गोधड्या टांगल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणल्या होत्या. पंखा बंद केला. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छप्पर, आणि आत गोधड्यांमध्ये बसून बायका मोबाईलमध्ये बोलत होत्या. तिनं फोटो पाठवला होता — घामानं डबडबलेल्या, पदरानं वारा घेत हसणाऱ्या बायका. मी त्याही क्लिप नामंजूर केल्या. कारण तेच ठेवलं. आता बदलता कसं येणार होतं?

मग ती सुखदेवकाकांकडे गेली. दुपारी थोडा वेळ गिरणी बंद ठेवा म्हणाली. ते शब्दाला जागणारे, तिच्या अब्बांचे दोस्त. त्यांनी काही दिवस ठेवलीही. पण दळणवाल्या बायका परत जायला लागल्या, गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे वळलं, आणि एक दिवस ते चिडले — "तुह्या मोबाईलपायी माही गिरणी बंद ठेवू काय? लोकायनं काय कच्चे दाणे खायाचे?" शबानाची जीभ काही कमी नाही. तीही बोलली, "तुमच्या गिरणीपायी माहा धंदा बुडून राह्यला," आणि त्याच्यापुढेही बरंच काही. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. हे तिनंच मला फोनवर सांगितलं. सांगताना रडली. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. त्या वेळी एक वाक्य पुरे होतं. नाही का? एकच वाक्य — शबाना, गिरणीचा काही आवाज येत नाही.

मी म्हणाले, "जाऊ दे, म्हातारे माणूस आहेत."

तिसऱ्या वेळी तिनं स्वतःच शक्कल काढली. गोंगाटात बोलणं समजत नसेल तर निदान साफ बोलावं म्हणून तिनं पुस्तकातल्यासारखी वाक्यं तयार केली आणि बायकांकडून ती पाठ करून घेतली. माय पुन्हा पहिली. "माझी मुलगी पुण्यामध्ये काम करते. मला आनंद वाटतो." मास्तरसमोर उभ्या केलेल्या पोरीसारखा आवाज. एकेक शब्द सांभाळत, घाबरत. हसणं नाही. बांगड्याही वाजल्या नाहीत, हात धरूनच बसली असेल.

ती मी मंजूर केली. सगळ्याच केल्या.

मीटिंगमध्ये त्या वाजल्या. कुणी हसलं नाही. मॅडमनी ऐकल्या, कपाळाला हलकीशी आठी पडली. "वंदना, हे तर आपल्याकडे ढीगभर आहे. तुमच्याकडे वेगळं असं बोलतच नाहीत का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. रागावल्या नव्हत्या त्या, खरोखर विचारत होत्या. खरं बोलले असते तर त्यांनी मला काढून टाकलं असतं का? तेव्हा वाटलं होतं, टाकतील. आज वाटतं, नसतं टाकलं. पण मी तेव्हा काय केलं तेच सांगायला बसलेय.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "आता सगळे असंच बोलतात."

पिंपळगावचं काम तिथेच थांबलं. शबानाला मीच कळवलं, कंपनीनं हे काम बंद केलं म्हणून. तिनं ऐकून घेतलं. मग मलाच समजावलं, "जाऊ दे व. तू तं लय कोशिश केली माह्यासाठी."

पाटी लागली नाही. परत केलेली लग्नाची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती, ती फिरून आणायला तिला फार दिवस लागले. मशीन मात्र तयार झालं आणि कामालाही लागलं. आता आमच्या गावातही लाईन गेली की त्यालाच फोन लावावा लागतो. शबाना हसत हसत सांगते, "तीनदा म्हनते, समजलं नाही. मंग मी तुह्यासारखं बोलतो, तवा समजते."

यंदा गावी गेले होते. शबानाच्या दारातून हाक मारली तर ती दळणाचा डबा घेऊन निघालेली. "चाल ना," म्हणाली. डब्याची एक कडी तिनं धरली, एक मी. सुखदेवकाकांची गिरणी तिच्या दारापासून चार पावलांवर. ते पायरीवरच बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. आम्ही पुढे गेलो. शबाना आता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गिरणीवर दळण नेते. तेव्हापासून तिथेच नेते.

थोडं पुढे गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "मीच जास्त बोलली त्याहिले. अब्बाच्या वयाचे माणूस. कधी कधी वाटते, जाऊन पाया पडावं." मग चालता चालता थांबली. "पन आवाज तं येत होता ना व?"

त्या क्लिप मी नंतर पुष्कळदा ऐकल्या आहेत. त्यांच्यात माय हसते. शबाना हसते. बांगड्या वाजतात, बाहेर कुठेतरी कोंबडा आरवतो. गिरणी कुठेच नाही.

"येत होता," मी म्हणाले.

ती मान हलवून पुन्हा चालू लागली. दळण होईपर्यंत आम्ही तिथल्या ओट्यावर बसलो. परत येताना डबा गरम लागत होता. सुखदेवकाका अजून पायरीवरच होते. आम्ही दोघीही त्यांच्याकडे न बघता समोरून आलो.